सिंक कोण बंद करतं

मंगळवार, ३ मार्च

— आणि केबल चुकीच्याच जागी होती. टेबलाखाली पोटावर पडून, तोंडात टॉर्च धरून पाहिलं. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात नव्हतीच. वरच्या बाजूला, मशीनच्या स्वतःच्या जोडणीत खोचलेली. म्हणजे इतके दिवस नवं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि मी पडद्याला दोष देत होते.

जोडून देणारा दुकानातला माणूस जाताना म्हणाला होता, “झालं, मॅडम. आता डोळे मिटून वापरा.” मी डोळे मिटून वापरलं. यापुढे नाही.

केबल काढली, कार्डात लावली. मॉनिटरच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, बोराएवढं बटण आहे. ते दाबून यादी उघडायची, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक शोधायचा, चालू करायचा. केला. मग चाचणीचा लंबक लावला. काळ्या पडद्यावर पांढरा लंबक डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. बाकी काही नाही. कार्ड आपल्या वेगाने चित्रं काढतं, पडदा आपल्या वेगाने दाखवतो. मेळ नसला की लंबकाचा दांडा मधेच तुटलेला दिसतो — वरचा तुकडा एका क्षणाचा, खालचा दुसऱ्या. सिंक म्हणजे पडद्याने कार्डासाठी थांबायला शिकणं.

आज दांडा अखंड होता. बराच वेळ बघत बसले.

बाबा — सासरे — दारात येऊन उभे. “केवढा पडदा आहे गं. इथून दिसतो की.”

“म्हटलं तर दिसतो.”

“अक्षरं मोठी होतात का यावर?”

“हवी तेवढी होतात.”

“असं,” म्हणाले, आणि गेले.

बुधवार, ४ मार्च

सिंक बंद.

मी केला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

नीट लिहून ठेवते. नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास राहणार नाही.

सकाळी मी छापखान्यात असते, मुद्रितं तपासते. दुपारी घरी. दुपारचं काम नवं आहे. एक कंपनी संगणकावरचे खेळ बनवते. खेळ अर्धवट असतानाच मी तो खेळायचा आणि कुठे काय मोडलंय ते लिहून कळवायचं. मला घेतलं ते एका वाक्यावर. चाचणीत मी लिहिलं होतं: ‘दार उघडतं, पण दाराची सावली बंदच राहते.’ तिथल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, असं कुणी लिहीत नाही, सगळे ‘सावलीत गडबड’ लिहितात. साहित्य शिकल्याचा आयुष्यात झालेला पहिला उपयोग.

उमेदवारीचा काळ वीस तारखेला संपतो. मग ठेवतील किंवा काढतील.

काल मी कळवलं की खेळातल्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर चित्र फाटतं. आज बाईंचा फोन. “पायऱ्यांवर दुसऱ्या कुणाकडे फाटत नाही. तुमचा सिंक चालू आहे ना?”

“आहे.”

“बघून सांगा.”

बघितलं. बंद. बुधवारी सापडल्यावर मी स्वतः चालू केला होता. स्वतः.

“आधी तुमचं घर दुरुस्त करा,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, त्याचंच जास्त लागलं. “मग आमचा किल्ला बघू. असा अहवाल पुन्हा आला तर मला पुढे शिफारस करता येणार नाही.”

नवऱ्याला सांगितलं. तो मोजे काढत होता. “मग छापखान्यातच पूर्ण वेळ कर ना. तिथे काही बंद-चालू होत नाही.”

हे तो तिसऱ्यांदा म्हणाला.

शनिवार, ७ मार्च

दुकानात गेले. दुकानदार काउंटरमागे काहीतरी खात होता, मला पाहून खाणं थांबवलं. ओळखतो आता.

“कार्ड वापरलेलं आहे का? खरं सांगा.”

“मॅडम, सील तुमच्यासमोर फोडलं.”

“सील परत लावता येतं.”

“येतं,” तो म्हणाला. “पण तेवढा वेळ कुणाला आहे.”

म्हटलं, सिंक आपोआप बंद होतो. तो म्हणाला, आपोआप होत नाही. वीज गेली तरी मॉनिटर लक्षात ठेवतो. “कुणीतरी करतं.” मग हसला. “कार्ड परत आणा, पण शंका घरी ठेवून या.”

हसण्याचं कारण कळलं नाही. त्याच्या माणसाने केबल चुकीच्या जागी लावली होती हे मी विसरलेले नाही.

सोमवार, ९ मार्च

दुकानाचा माणूस आला. तोच. टेबलाखाली गेला, केबल ओढून पाहिली, बाहेर येऊन गुडघे झाडले. लंबक लावला. दांडा अखंड. त्याच्यासमोर अर्थातच सगळं चालतं.

“तुमच्याकडे दुसरं कोण वापरतं?”

“कुणी नाही. नवरा सकाळी माझ्यानंतर निघतो, टाइल्सच्या शोरूमला. सासरे शाळेची व्हॅन चालवतात. पोरं सोडून येतात आणि दुपारच्या फेरीपर्यंत झोपतात.”

“म्हणजे भूत नाही,” तो म्हणाला. “भूत असतं तर बरं होतं. भुताला सांगता येतं.”

जाताना दाराशी थबकला. फरशीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, आडवा, बोटभर लांब. वायरला लावतात तसली. मॉनिटरच्या बरोबर समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

“ही तुमची?”

“माझी निळी असते,” तो म्हणाला.

पट्टी काढली नाही. काढली तर ज्याने लावली त्याला कळेल.

मंगळवार, १० मार्च

सकाळी सिंक चालू ठेवून गेले. दुपारी बंद.

नवरा माझ्यानंतर निघतो. पासवर्ड त्याला माहीत आहे, आमच्या लग्नाची तारीख आहे. ती त्याला पासवर्ड म्हणून तरी लक्षात राहते.

जेवताना विचारलं. “माझ्या मॉनिटरला हात लावतोस का?”

“मी? हातसुद्धा लावत नाही.”

लगेच म्हणाला. प्रश्न संपायच्या आत. आणि माझ्याकडे न बघता — बाबांच्या ताटाकडे बघून.

बाबा पाण्याचा पेला ठेवत होते. पेला टेबलाच्या कडेवर अर्धा टेकला आणि खाली गेला. स्टीलचा, फुटला नाही. “टेबल सरकवलंस का गं?” त्यांनी मला विचारलं. मी सरकवलं नव्हतं. या घरात सध्या सगळं आपोआप होतं.

गुरुवार, १२ मार्च

मॉनिटरच्या बटणावर पावडर लावून गेले. अंगाला लावायची, चिमूटभर. छापखान्यात सकाळभर स्वतःची लाज वाटली. एका पानावर तीन चुका सुटल्या. फोरमन म्हणाले, “बाई, आज तुम्ही कुठे आहात?”

घरी आले. पावडर पुसलेली. सिंक बंद.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याची बोटं पाहिली. स्वच्छ होती. फारच स्वच्छ.

शुक्रवार, १३ मार्च

बाबांच्या व्हॅनचा डावा आरसा फुटलाय. “गेट मधे आलं,” म्हणाले.

“गेट कसं मधे येईल, बाबा?”

“मीच गेलो असेन मग त्याच्या मधे.” हसले. फोन माझ्यापुढे धरला. “हा निरोप वाच बरं. चष्मा गाडीत राहिला.” चष्मा डोक्यावर होता. सांगितलं तर डोक्याला हात लावून पुन्हा हसले. “म्हातारा झालो, सूनबाई.”

निरोप वाहतूक कार्यालयाचा. परवान्याचं नूतनीकरण, गुरुवार एकोणीस, सकाळी. डोळ्यांची तपासणी सोबत.

वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. “दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात ना?” त्यांनी विचारलं.

मला काय माहीत.

शनिवार, १४ मार्च

भांडण. मीच काढलं.

म्हटलं, मी हे काम सोडावं असं तुला हवंय, तोंडाने बोलता येत नाही म्हणून बटण दाबतोस. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुला खरंच असं वाटतं?”

“सांग नाहीतर दुसरं काय.”

तो काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलं होतं. आतल्या खोलीत बाबा खोकले, आणि त्याने तोंड मिटलं.

“वाट्टेल ते समज,” म्हणाला.

समजले.

सोमवार, १६ मार्च

बाईंचा निरोप: किल्ल्याचा शेवटचा अहवाल शुक्रवारी हवा. पुढे एकच ओळ — ‘या वेळी खात्री करून.’

एक व्यवस्था केली आहे. मशीन सुरू झालं की थोड्या वेळाने लंबक आपोआप उघडेल, पूर्ण पडदाभर, जे चालू असेल त्याच्या वर. कोण बसलंय ते मला दिसणार नाही. पण बसलेला दचकेल. दचकलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोंडावर दिसतो.

आणि उद्या मी छापखान्यातून लवकर निघणार आहे. न सांगता.

मंगळवार, १७ मार्च

डोकं दुखतंय असं सांगून निघाले. फोरमन म्हणाले, “जा, जा. दोन आठवडे दुखतंय ते दिसतंय.”

व्हॅन दारात होती. नवऱ्याचे बूट नव्हते. मला वाईट वाटलं — तो सापडणार नव्हता याचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

कुलूप आवाज न करता उघडलं. खोलीचं दार लोटलेलं. आतून बाबांचा आवाज येत होता. कुणाशी तरी बोलताहेत असं वाटलं.

“ई.”

थांबले.

“एफ, पी.”

“टी, ओ, झेड.”

दार बोटभर ढकललं. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. टाचा काळ्या पट्टीवर, बरोबर. उजवा तळहात उजव्या डोळ्यावर घट्ट दाबलेला. शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखी मान ताठ.

“एल, पी, ई, डी.”

समोर पडद्यावर माझा लंबक हलत होता. काळा पडदा, पांढरा लंबक. डावीकडे, उजवीकडे. दांडा मधे तुटलेला.

“पी, ई, सी... एफ, डी.” ते अडले. परत सुरुवात. “पी, ई, सी, एफ, डी.” मग समाधानाने: “हं.”

फरशी वाजली असावी.

“कोण?”

“मी, बाबा.”

हात काढला नाही त्यांनी. “लवकर आलीस. बरं झालं. ऐक — खालची ओळ बरोबर म्हटली का? समोर बघून सांग.”

मी समोर बघितलं.

“बाबा, तिथे अक्षरं नाहीत.”

त्यांनी हात खाली घेतला. उजव्या डोळ्याने पाहिलं. बराच वेळ.

“हे काय हलतंय?”

“लंबक.”

“कधीपासून?”

“मी आल्यापासून आहे.”

ते खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत. हात गुडघ्यावर ठेवले. सगळं स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नाही. डावा डोळा वर्षभरापासून गेलाय. “पाण्यातून बघितल्यासारखं. आधी पाणी स्वच्छ होतं, आता गढूळ.” उजवा चालतो, तो पण संध्याकाळी नाही. तपासणीचा तक्ता सगळीकडे एकच असतो असं कुणीतरी सांगितलं. या पडद्यावर तो मोठा करून आधी चांगल्या डोळ्याने पाठ करायचा, मग वाईट डोळ्याने म्हणायचा. रोज सकाळी, आमच्या पाठीमागे.

“आमच्या?” मी विचारलं.

त्यांनी हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुझ्या.”

नवऱ्याने शिकवलं होतं. पासवर्ड, तक्ता आणि बटण. ते दाबून वाचनाची पद्धत निवडली की पडदा कागदासारखा होतो, पांढरं पांढरं, काळं काळं.

“ती निवडली की माझा सिंक बंद होतो, बाबा.”

“तुझा काय बंद होतो?”

“काही नाही.”

मी पाणी आणलं. पेला त्यांच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. त्यांनी ते पाहिलं. एवढं त्यांना दिसलं.

“बाबा, व्हॅनमध्ये चौदा पोरं असतात.”

“मला ठाऊक आहेत. प्रत्येक जण. चढताना नुसती हाक मारली तरी कळतं कोण आहे.” हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. पेला दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.

दुपारची फेरी शेजारच्या व्हॅनवाल्याकडे दिली. गाडीत बिघाड आहे असं त्याला सांगितलं. खोटं मी बोलले. बाबा शेजारी उभे होते.

नवरा आल्यावर त्याला बाहेर, जिन्यात नेलं.

“तू म्हणालास हात लावत नाहीस.”

“मी नव्हतोच लावत.”

“दोन आठवडे मी टेबलाखाली लोळत होते. तू मोजे काढत बसायचास.”

“मग काय करू? सांगू? बाबांनी शपथ घातली होती.”

“आणि पोरं?”

“ते हळू चालवतात. तू बघितलंयस, सायकलवाले पुढे जातात.” मग आवाज उतरला. “परवाना हातात आला की ते सोडणार होते. मला शब्द दिलाय. पंचवीस वर्षं चालवलीय. त्यांना नापास होऊन उतरायचं नव्हतं. स्वतःहून उतरायचं होतं. एवढंच.”

एवढंच. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. माझी शंका खरी होती. माणूस बरोबर होता, घर बरोबर होतं, बटण बरोबर होतं. फक्त कारण माझ्याबद्दल नव्हतं.

“मला सांगायला हवं होतंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“सकाळी व्हॅन निघायच्या आत शाळेला फोन.”

“मग,” तो म्हणाला. “म्हणून नाही सांगितलं.”

खोटं नव्हतं ते.

“सकाळी करणार आहे,” मी म्हटलं.

“केलास तर ते तुझ्याशी बोलायचे नाहीत. आयुष्यभर. मी ओळखतो त्यांना.” पुढची पायरी उतरून थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, “आणि माझं मलाही माहीत नाही.”

वर आलो तेव्हा बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. जिन्यातलं सगळं तिथे ऐकू येतं. आम्हाला दोघांनाही ते ठाऊक आहे.

मॉनिटरसमोर बसले. लंबक अजून हलत होता, तुटलेला. बटण दाबलं, सिंक चालू केला. दांडा जुळला. आता तो जुळलेलाच राहील. अहवाल शुक्रवारी जाईल, किल्ल्याच्या पायऱ्या मी खात्रीने लिहीन. जे हवं होतं ते मिळालं.

पट्टी काढायला खाली वाकले. चांगली चिकटली होती. राहू दिली.

बुधवार, १८ मार्च

सकाळी बाबा व्हॅनच्या वेळेला तयार होऊन स्वयंपाकघरात आले. गणवेशाचा शर्ट घातलेला. मी फोन घेऊन उभीच होते. त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला.

“शाळेचा नंबर लावून दे,” म्हणाले. “बोलायचं ते मी बोलतो. आकडे तेवढे दिसत नाहीत.”

लावून दिला.